नववी काठी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि मी आजवर लिहिलेलं म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्या आणि गावातल्या लोकांना लिहून दिलेले तहसील कचेरीतले अर्ज. त्यात ज्या विषयावर लिहायला बसलोय त्यातलाही मी जाणकार नाही. हिमालयातल्या एका हिमनदीवर एक उन्हाळा मी बांबू वाहिले. बर्फाचा अभ्यास मॅडमनी केला. तेव्हा पुढच्या मजकुरात शास्त्राची काही चूक निघाली तर ती माझी समजावी, त्यांची नाही. हे मी मुद्दाम पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवतो, कारण मला जे सांगायचं आहे तेही जवळजवळ एवढंच आहे.

आम्ही धनगर. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात. दिवाळी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरतात, पलूसच्या बाजूला, आणि उन्हाळाभर तिकडच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात. पावसाळा लागला की परत गावी. मी कराडला कॉलेजात, आणि राहायला मलकापुरात, चौघांत एक खोली.

आमच्यात काठीची एक रीत आहे. ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गड्याची काठी जमिनीवर आडवी टाकत नाहीत. जेवायला बसलं, झोपलं, तरी काठी कुठंतरी टेकून उभी, नाहीतर मातीत रोवलेली. आडवी ठेवतात ती माणूस गेल्यावर. आजा वारला तेव्हा आप्पांनी त्याची काठी कोपऱ्यातून उचलली आणि त्याच्या अंगालगत जमिनीवर ठेवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. येणारा माणूस दारातून काठी बघायचा आणि तिथंच डोक्याचं मुंडासं काढायचा. लहानपणी मी खेळता खेळता काठी टाकून पळालो की आई पाठीत धपाटा घालायची, "उचल आदी! कोण मेलंय का हितं?" त्यामुळं पडलेली काठी दिसली की माझा हात आपोआप खाली जातो. विचार करावा लागत नाही.

मॅडम मूळच्या सांगलीकडच्या, जैन शेतकरी घरातल्या. उत्तरेतल्या एका संस्थेत बर्फाचं संशोधन करतात. दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेवर दोनदा जाऊन आल्या आहेत. मी भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्या आमच्या कॉलेजात बोलायला आल्या. पडद्यावर पेंग्विन आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात हिमालयातल्या कामाला मला एक विद्यार्थी हवा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मेंढरं आहेत?"

वर्ग हसला. मी खाली बघितलं. मला वाटलं, चेष्टा करतायत. मागच्या बाकावरून माझ्याच खोलीतला एकजण ओरडला, "मॅडम, हा हाय की! ह्याच्या बापानं अख्खा पलूस चारलाय."

मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला बाहेर गाठलं.

"दिवसाला किती चालतोस?"

"मोजलं नाही, मॅडम."

"उघड्यावर झोपलायस कधी?"

"घरात झोपायची सवय कॉलेजात आल्यावर लागली."

तेव्हा मात्र त्या हसल्या. म्हणाल्या, "ये. मोजायचं मी शिकवते."

आप्पांना सांगायला मी एसटीनं पलूसला गेलो. ऊस तुटून गेलेल्या रानात आमची मेंढरं बसली होती. आप्पा एका मेंढीचा खूर बघत होते.

"बरफ मोजाय जातुयास?"

"व्हय."

"मोजून काय, इकणार हाईत व्हय? गारेगारवाल्याला इचार की, तो सांगंल."

"तसं न्हाई आप्पा. दरसाल किती वितळतोय ते बघायचं. डोंगरावर बर्फाची नदी असती. त्यात काठी रोवायची आन् नंतर जाऊन बघायचं, किती उघडी पडली."

काठीचं नाव निघाल्यावर आप्पांना पटलं. "म्हंजी हिरीत पानी बगाय बांबू सोडतोय तसंच." मग आईला हाक मारली, "आगं, ह्याला माजं घोंगडं दे. रेल्वेत घेत्यात का न्हाई कुणास ठावं, पर दे."

जाताना साताऱ्याला थांबलो. तिथं माझे चुलते राहतात, आम्ही नाना म्हणतो. फौजेतून निवृत्त होऊन आता एमआयडीसीतल्या कारखान्याच्या गेटवर असतात. त्यांनी दोन वर्षं बर्फात काढलेली. त्यांनी मला लोकरीचे मोजे दिले आणि स्वतःचा डावा पाय खुर्चीवर ठेवून दाखवला. दोन बोटं नव्हती. मी लहानपणापासून तो पाय बघत आलोय, पण कारण त्या दिवशी कळलं.

"बधिर झालतं. म्हटलं, आज कशाला बोंबलायचं, उद्या सांगू. एक दिवस गप्प बसलो बग. बरफावर लाजायचं न्हाई. झालं की लगेच बोलायचं. काय?"

"व्हय नाना."

"व्हय म्हनतुयास, पर तू लाजरा हाईस."

मला वाटलं, हे पायाबद्दल आहे.

हिमनदी पहिल्यांदा बघितली तेव्हा मी हबकलो, पण ते सगळे हबकतात त्या कारणानं नाही. मला वाटलं होतं, पांढरंशुभ्र काहीतरी असेल. आम्ही दगडधोंड्यांतून दोन तास चढत होतो. रस्त्याच्या कामाला खडी ओततात तसे ढिगारेच्या ढिगारे. शेवटी धीर करून विचारलं, "मॅडम, हिमनदी कुठं आहे?"

त्या म्हणाल्या, "मघापासून तू तिच्यावरच उभा आहेस."

बुटानं दगड सरकवला तर खाली काळपट, ओलं बर्फ होतं. त्याच्या आतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. मी एकदम पाय वर घेतला, काही चूक झाल्यासारखा. माझ्या मागं ड्रिल घेऊन येणारे काका मोठ्यानं हसले. हे काका संस्थेतले तंत्रज्ञ, बर्फात भोक पाडायचं काम त्यांच्याकडं.

हिमनदी जिथं संपते तिथं एक सरोवर होतं, राखेसारख्या रंगाचं. मॅडमनी सांगितलं, त्यांच्या गुरुजींच्या काळात इथं डबकं होतं. सरोवराला बांध म्हणजे नुसता दगडमातीचा ढीग, हिमनदीनंच आणून टाकलेला. त्यातून ओढा निघत होता, आणि त्या ओढ्याच्या काठाला, खाली हिरवळीवर, तिकडच्या मेंढपाळांचे दोन तळ होते. दोघे भाऊ. थोरला पार म्हातारा. मेंढरांभोवती दगडांचं कुंपण. आमच्याकडं वाघर म्हणजे जाळी लावतात, तिकडं दगड रचतात, एवढाच फरक. कुत्रीही आमच्याकडच्यासारखीच वाईट. थोरल्या भावानं माझ्या खांद्यावरचं घोंगडं बघितलं, बोटांनी चोळून वास घेतला आणि हिंदीत विचारलं, कुणाचं मेंढरू आहे हे? त्यानंतर मी जाता-येता तिथं बसायला लागलो.

ते दोघे मॅडमना दरवर्षी एकच गोष्ट विचारायचे. पाणी एवढंच राहणार, की वाढणार? बर्फ मागं सरकलं तर सरोवर वाढणार आणि एक दिवस बांध सोडणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या बापाचा तळ त्याच जागी होता. वर दुसरी जागा होती, चारा कमी. मॅडम म्हणायच्या, काठ्या बघून सांगते.

हिमनदीवर वरून खाली अशा आधीच रोवलेल्या नऊ काठ्या होत्या. नववी सगळ्यांत खाली, सरोवराच्या अगदी जवळ. एकेक काठी म्हणजे पुरुषभर उंचीचे बांबूचे तीन तुकडे, एकाखाली एक, तारेनं जोडलेले आणि बर्फाच्या आत उभे उतरवलेले. बर्फ वितळलं की वरचा तुकडा उघडा पडतो. सगळ्यांत खालच्या तुकड्यावर तीन लाल पट्टे. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, "काठीला कुणी हात लावायचा नाही. जशी दिसेल तशी लिहायची." त्या दिवशी उंचीमुळं माझं डोकं फुटायला आलं होतं. मी मान डोलावली. ऐकलं होतं मी. नव्हतं ऐकलं असं म्हणणार नाही.

एका दुपारी मला नवे बांबू घेऊन नवव्या काठीकडं पाठवलं. काका आठव्या काठीजवळ थांबले होते, हाकेच्या अंतरावर, पण मध्ये दगडांचा उंचवटा. तिथं पोचलो तर काठी नव्हती. तीन तुकडे बर्फावर पडलेले. तीन पट्ट्यांचासुद्धा. तार तुटलेली.

मला वाईट वाटलं. अगदी खरं सांगतो, मला दुसरं काहीच वाटलं नाही. एवढ्या लांब, एवढ्या उंचावर कुणीतरी काठी रोवून गेलंय आणि ती आडवी पडलीय. मी खांद्यावरचे नवे बांबू उतरवले. ती जिथं उभी असणार तिथं एक वाटीएवढा खळगा राहिला होता. बर्फाच्या कुऱ्हाडीनं तो कोपरभर खोल केला, तीन पट्ट्यांचा तुकडा त्यात उभा धरला, भोवती बर्फाचा चुरा आणि बारीक खडे ठासले. वाघरीच्या मेखा ठोकून ठोकून माझा हात बसलेला आहे. बाकीच्या दोन तुकड्यांची नव्या बांबूंबरोबर मोळी बांधून पायथ्याला ठेवली. काठी हलवून बघितली. हलली नाही. बरं वाटलं. रात्रीत तिथलं सगळं गोठून दगड झालं असणार.

मी काम नेटकं करतो. तेच नडलं.

दुसऱ्या दिवशी मला वर छावणीत सामान आवरायला ठेवलं आणि नवव्या काठीची नोंद मॅडम आणि काका करून आले. मॅडम दिवस मावळायच्या आत जेवतात. तिथंही ती शिस्त त्यांनी मोडली नव्हती. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला की ताट घेऊन तंबूबाहेर बसायच्या. त्या दिवशी एका हातात ताट आणि मांडीवर नोंदवही. जेवण गार होत होतं.

"नऊ नंबर उभी आहे," त्या म्हणाल्या. "मी धरून चालले होते की ती पडलेली असणार. तिसरा तुकडा अजून बर्फात आहे, आणि घट्ट. हलवून बघितला. म्हणजे आठव्या काठीपेक्षा नवव्या जागी कमी वितळलंय. कसं शक्य आहे?"

मी पोळी तोडत होतो.

"एकच शक्यता. वरच्या दगडांचा थर जाड झालाय. तो थर जाड असला की ऊन आत पोचत नाही. घोंगडं पांघरल्यासारखं. तुझ्या घोंगड्यासारखं, कळलं का? खालचा भाग वाचतोय."

मला तेव्हा कळलं. एकदम सगळंच कळलं. काठी पडलेली असणं हीच नोंद होती. मी ती पुसून टाकली होती. मी मनात वाक्य जुळवलं, "मॅडम, ती काठी मी." एवढंच जुळलं. पुढं क्रियापद लागेना.

तेवढ्यात काका म्हणाले, "पोरगं कामाचं आहे हो. बांबूंची मोळी काय बांधलीय."

"तेच म्हणत होते," मॅडम म्हणाल्या. "दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेत एक सहायक पाठवायचाय. याचं नाव देते मी. काय रे, जाशील ना?"

मी मान डोलावली. पुन्हा.

खाली उतरताना मेंढपाळांच्या तळावर थांबलो. थोरल्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. मॅडमनी सांगितलं, "यंदा तरी पाणी वाढेल असं दिसत नाही. खालचं बर्फ टिकून आहे." म्हातारा आनंदानं धाकट्या भावाला काहीतरी म्हणाला. मग त्यानं मॅडमना हात जोडले, काकांना जोडले, आणि मलाही. मी त्याच्याएवढ्या वयाच्या माणसाच्या पायाला हात लावतो. तिथं मी नुसता उभा राहिलो. पाय खरोखर बधिर झाले होते.

बाकीची कामं आटोपून जुलैच्या शेवटी परत आलो. गावच्या स्टँडवर फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून एक पेंग्विन. खाली अभिनंदन. मी दक्षिण ध्रुवाचं तोंडही बघितलं नव्हतं, नुसतं नाव गेलं होतं, पण पोरांना कोण सांगणार.

"गड्या, पेंग्विन लय देखणा आलाय," एकजण म्हणाला. "तुज्यापरीस."

"तू कुठला रं त्यातला?" दुसरा.

मी हसलो. घरी जाऊन पालथा पडून राहिलो.

आप्पा पावसाळ्यासाठी गावी आलेले. चार दिवसांनी माळावर त्यांच्याबरोबर बसलो होतो. मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि खरं म्हणजे मला आप्पांच्या तोंडून ऐकायचं होतं की बरं केलंस. कारण ती रीत त्यांचीच. म्हणून मी सहज सांगितल्यासारखं सांगितलं. काठी पडली होती, मी उभी केली.

आप्पांनी तोंडातली तंबाखू थुंकली. माझ्याकडं बघत राहिले.

"पडली म्हंजी कशी पडली?"

"तिच्या खालचा बर्फ वितळला. आधाराला काय राहिलंच न्हाई."

"म्हंजी तो गेला."

"कोण?"

"बरफ रं! त्या जाग्याचा बरफ गेला, म्हून काठी आडवी झाली. आन् तू ती उभी केलीस?" त्यांचा आवाज चढला. शेजारचं मेंढरू दचकून उठलं. "मेल्या मानसाची काठी उभी करत्यात व्हय? आता लोक दारात यिऊन हाका मारत बसत्याल. हाय समजून!"

मग मी मेंढपाळांचं सांगितलं. ओढ्याच्या काठाचा तळ, म्हाताऱ्यानं जोडलेले हात.

मला मारतील असं वाटलं. मी मोठा झाल्यापासून त्यांनी मला मारलेलं नाही. पण आप्पा अगदी हळू म्हणाले, "मेंढरं किती हाईत त्येंची?"

"दोघांची मिळून आपल्या तिप्पट असतील."

"आन् तू हितं बसलाईस."

श्रावणाचे दिवस होते. मॅडम आईकडं सांगलीला आल्याचं मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. फोनवर सांगता आलं असतं. मला जमलं नसतं. गाडीत मी वाक्य पाठ करत होतो आणि ते दर थांब्याला बदलत होतं. त्यांचं घर शहराबाहेर, द्राक्षाच्या बागेशेजारी. दिवस कलायला लागला होता. मॅडम पडवीत कॉम्प्युटर घेऊन बसलेल्या. मला बघून उठल्या, "अरे! आई, हा तोच, मेंढरंवाला! बस. पाणी पितोस का?"

मी बसलो नाही. पाठ केलेलं सगळं गेलं.

"मॅडम, नववी काठी पडली होती. मी उभी केली."

त्यांना आधी कळलंच नाही. हसू तसंच तोंडावर राहिलं. मग ते हळूहळू उतरलं.

"कधी?"

"तुम्ही नोंद केली त्याच्या आदल्या दिवशी. बांबू घेऊन गेलतो तेव्हा."

"कुठला तुकडा उभा केलास?"

"तीन पट्ट्यांचा."

"आणि वरचे दोन?"

"मोळीत बांधले. नव्या बांबूंबरोबर."

"ती मोळी मी बघितली होती," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्यासारखं. "म्हटलं, किती व्यवस्थित आहे पोरगं." मग एकदम, "का? मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही?"

मी रीत सांगितली. काठी आडवी टाकत नाहीत ती. सांगताना मलाच ते इतकं लहान वाटलं. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. बोटं मांडीवर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे तिन्ही तुकड्यांइतकं बर्फ गेलं. निदान तेवढं. किती जास्त गेलं ते आता कुणालाच कळणार नाही." मग त्यांनी फोन उचलला. "मी त्यांना सांगितलंय, पाणी वाढणार नाही."

घरातून त्यांच्या आईनं हाक मारली, "अगं, दिवस मावळतीला आलाय. ताट वाढलंय, ये की."

मॅडम फोन लावत होत्या. त्या खोऱ्यात वर फोन लागत नाही. सगळ्यांत शेवटच्या गावात एक शाळामास्तर आहेत, त्यांचा लागतो कधीमधी. लागेना. काकांना लावला. त्यांना सगळं सांगितलं, माझं नाव न घेता, "नोंद चुकलीय, माझी नोंद चुकलीय" असं म्हणत. पुन्हा मास्तरांना. आई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आकाशाकडं. बागेच्या पलीकडं सूर्य गेला.

"आता कसं जेवणार तू?" आई म्हणाल्या.

"आज नको आई."

अंधार पडता पडता मास्तरांचा फोन लागला. तुटक तुटक. निरोप एवढाच: तळ वर हलवा, वाट बघू नका. मास्तर म्हणाले, वर जाणारा माणूस बघावा लागेल, दोन दिवसांची वाट आहे, पाऊस आहे. मग फोन तुटला.

मॅडमनी कॉम्प्युटर उघडून एका परिषदेला पाठवलेला निबंध मागं घेतला. माझ्यासमोरच. त्या निबंधात नववी काठी होती. मग म्हणाल्या, "तुझं नावही मला मागं घ्यावं लागेल. कळतंय ना?"

"व्हय, मॅडम."

"रागानं नाही. तिकडं तुझ्या नोंदीवर दुसऱ्याचा जीव असतो."

"व्हय."

"महिना झाला." त्या पहिल्यांदा रागानं बोलल्या. "महिनाभर तू काय करत होतास?"

मी लाजत होतो. दुसरं कारण नाही.

परत येताना साताऱ्याकडं गेलो नाही. नानांना काय सांगणार? मलकापुरात खोलीवर आलो. कॉलेज सुरू झालं होतं. रोज सकाळी उठून मी मोबाइलवर त्या डोंगरातला पाऊस बघायचो. मॅडमचा निरोप नाही. मी दोनदा मेसेज लिहिला आणि पुसला. खोलीतले विचारायचे, "काय रं, पेंग्विनचं पत्र आलं का?" मी त्यांना सांगितलं, माझं नाव कमी झालंय. का ते विचारल्यावर तेही सांगितलं. सगळं. ज्यानं वर्गात माझ्या बापाचं नाव ओरडून सांगितलं होतं तो नंतर म्हणाला, "मी असतो तरी उचलली असती रं." तो धनगर नाही. बरं वाटावं म्हणून म्हणाला असणार.

आप्पांचा रोज संध्याकाळी फोन. पूर्वी आठवड्यातून एकदा यायचा. "काय कळलं?" "न्हाई." "बरं." ठेवून द्यायचे.

श्रावण संपला, भाद्रपद लागला. गणपती येऊन गेले. एका दुपारी मी कॉलेजातून चालत येत होतो, हायवेच्या पुलाखाली, आणि मोबाइल वाजला. मॅडमचा मेसेज. लांब होता. त्या स्वतः तिकडं गेल्या होत्या आणि खाली नेटवर्कमध्ये आल्यावर त्यांनी तो पाठवला होता. मी तिथंच फुटपाथवर बसून वाचला.

निरोप घेऊन गेलेला माणूस वेळेवर पोचला होता. थोरल्या भावानं त्याच दिवशी मेंढरं वरच्या जागेला हलवली. त्यानंतर चौथ्या दिवशी सरोवरानं बांध सोडला. माणसं सगळी वाचली. नवव्या काठीच्या जागी आता बर्फ नाही. तिथं पाणी आहे. बांबू काठाला लागलेला सापडला, लाल पट्ट्यांवरून ओळखला. नोंदवहीत त्यांनी जुनी नोंद खोडून "पडलेली" असं लिहिलं आहे.

आणि धाकट्या भावानं तळ हलवला नव्हता. निरोप्यानं फार सांगितलं. तो म्हणाला, मॅडम स्वतः तोंडानं सांगून गेल्यात, पाणी वाढणार नाही. कुण्या मास्तराच्या निरोपावर बापाची जागा सोडू? पाण्याचा आवाज आल्यावर तो एकटा चढून वर गेला.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. मी मेसेज वाचून दाखवला, शब्दाशब्दानं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "धाकट्याची मेंढरं?"

मेसेजमध्ये ते शेवटच्या ओळीत होतं. तेवढी एक ओळ मी त्यांना वाचून दाखवली नव्हती.

"गेली, आप्पा," मी म्हणालो. "सगळी."